फिजी बेटांत प्रवेशाचे कागद : दस्तक, गिरमिटाचा पास व पासपोर्ट

वाशीम येथें १९३९ सालीं सांपडलेलें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचें दानपत्र वाचकांच्या परिचयाचें आहेच. रा. यशवंत खुशाल देशपांडे व महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तें संपादून प्रसिद्ध केलें. त्या ताम्रपटांत दान दिलेल्या गांवास ज्या माफ्या दिल्या आहेत त्यांत एक अशी आहे कीं, राजाच्या शिपायांनीं त्या गांवांत पाऊल टाकूं नये. राजानें आपल्याच माणसांस लेखी प्रवेशबंदी करावी ही गोष्ट आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु कोणीं कोठें शिरावें आणि तें कोणीं ठरवावें, हा प्रश्न वत्सगुल्माच्या जुन्या पत्रांतच याप्रमाणें नमूद आहे. त्याच प्रश्नाचें एक फार दूरचें प्रकरण आज हातीं घेत आहों.

तें प्रकरण पॅसिफिक महासागरांतील फिजी बेटांचें. त्या बेटांत आज हिंदी पाहुण्यास आगाऊ व्हिसा लागत नाहीं. परंतु शंभरसवाशे वर्षांपूर्वीं हिंदी मनुष्य तेथें शिरला तो एका छापील पासाच्या जोरावर, आणि तो पास त्याच्या घरच्यांनीं कधीं पाहिला नाहीं. त्या माणसांचे वंशज आतां पूर्वजांचें गांव शोधीत भारतांत येतात. त्यांच्या हातीं पुष्कळदां एवढ्या एकाच पासाची नक्कल असते. असा पाहुणा संग्राहकाच्या दारीं आला असतां तो कागद कसा वाचावा व त्यांतील कोणत्या रकान्यावर किती विश्वास ठेवावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. हिंदुस्थानांतून फिजीस जाण्याच्या कागदांचा इतिहास त्यासाठींच पाहिला पाहिजे. तो लहान आहे, पण सरळ नाहीं.

प्रथम आपल्या ओळखीच्या कागदापासून निघूं. मराठेशाहीच्या दप्तरांत दस्तकें जागोजाग सांपडतात. त्यांचा मजकूर ठराविक असतो. अमका असामी, बरोबर इतकीं माणसें, इतकीं घोडीं व बैल, अमक्या ठिकाणाहून अमक्या ठिकाणीं जात आहे. तरी मार्गीच्या चौकीदारांनीं व जकातदारांनीं अटकाव न करितां जाऊं द्यावें. मोगलाईंत हीच रीत होती. १६६६ सालीं आग्र्यास नजरकैदेंत असतां शिवाजी महाराजांनीं आपल्या लोकांस परत धाडण्याकरितां बादशहाकडून दस्तकें मिळविलीं, व बादशहानें तीं आनंदानें दिलीं, हें प्रसिद्धच आहे. समुद्रावर पोर्तुगीज लोक 'कार्ताझ' नांवाचा परवाना देत. त्यांत जहाजाचें नांव, तांडेल, हत्यारें व बंदर हीं लिहिलेलीं असत, आणि परवान्यावांचून फिरणारें जहाज ते धरीत. कान्होजी आंग्र्यांनीं तोच हक्क आपल्या दस्तकानें बजाविला तेव्हां इंग्रज व पोर्तुगीज यांनीं त्यांस चांचे म्हणावें, हा न्याय कसला तें वाचकांनींच ठरवावें.

या सर्व पत्रांत एक गोष्ट समान आहे. पाठविणारा धनी वाटेवरच्या अधिकाऱ्यास लिहितो, आणि जाणाऱ्या मनुष्याकरितां कांहीं मागतो. दस्तक बाळगणारा लहान असो वा मोठा, त्याच्या मागें कोणीतरी उभा आहे असें तें पत्र बोलतें. गिरमिटाच्या पासाकडे वळण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

फिजी बेटें १८७४ सालीं इंग्रजांच्या ताब्यांत गेलीं. तेथील मूळच्या लोकांस मळ्यांवर राबवूं नये असें पहिले गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांचें धोरण होतें. हे गृहस्थ पूर्वीं मॉरिशस व त्रिनिदाद येथें गव्हर्नर होते, व हिंदी मजुरांची पद्धति त्यांनीं तेथें पाहिली होती. तीच त्यांनीं फिजींत आणिली. पहिलें जहाज लिओनिडास १४ मे १८७९ रोजीं लेव्हुका बंदरास लागलें. त्यावर साडेचारशेंहून अधिक हिंदी स्त्रीपुरुष होते. वाटेंत पटकी व देवी यांचा उपद्रव झाला होता, म्हणून त्यांस एकदम किनाऱ्यावर उतरूं दिलें नाहीं. जवळच्या यानुथा लाइलाइ नांवाच्या बेटावर त्यांस ऑगस्टपर्यंत अटकावून ठेविलें. फिजीच्या प्रवेशाची हिंदी मनुष्यास लागू झालेली पहिली अट ही अशी रोगाची होती. पुढें सुवा शहरासमोरच्या नुकुलाऊ बेटावर मजुरांचा डेपो झाला व बहुतेकांचें पहिलें पाऊल तेथें पडूं लागलें. शेवटचें मजुरांचें जहाज सतलज हें नोव्हेंबर १९१६ मध्यें पोंचलें. तोंपर्यंत साठ हजारांवर माणसें गेलीं. त्यांपैकीं पाऊण हिस्सा कलकत्त्याहून व बाकीचीं १९०३ पासून मद्रासेहून गेलीं. फिजीच्या भरतीकरितां मुंबईचा मार्ग नव्हता. यामुळें मराठी मनुष्याचें फिजीशीं नातें मॉरिशसपेक्षां फार निराळें राहिलें. मॉरिशसला रत्नागिरीकडील माणसें मुंबईहून घोळक्यांनीं गेलीं, आणि तेथें त्यांनीं आपली भाषा व सण टिकविले. फिजीला मराठी मनुष्य गेला तो एकटादुकटा, परमुलखांत भरतीवाल्याच्या हातीं लागून, हिंदी भाषा बोलणाऱ्यांच्या गर्दींत.

वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर संख्येविषयीं मोठी कल्पना करूं नये. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. येथें मजूर बाहेरून येत. परंतु १८९९-१९०० च्या दुष्काळानें या मुलखासही सोडलें नाहीं, आणि पोटासाठीं अगर यात्रेसाठीं निघालेला मनुष्य नागपूर, जबलपूर, अलाहाबाद, काशी असा फिरत गेला म्हणजे भरतीवाल्याची गांठ पडणें अवघड नव्हतें. अशा माणसाचा शोध वाशिमास करून भागत नाहीं. तो पासावर करावा लागतो.

आतां पासाविषयीं. हिंदी सरकारच्या १८८३ च्या एमिग्रेशन कायद्यानें या सर्व प्रकारास नियम घालून दिले होते. भरतीवाल्यास परवाना लागे. त्यानें मिळविलेला मनुष्य जिल्ह्यांतील नोंदणी अधिकाऱ्यापुढें उभा करावा, त्या अधिकाऱ्यानें त्यास अटी समजल्या आहेत कीं नाहीं व तो खुषीनें जातो कीं नाहीं हें विचारावें, मग त्याची नोंद व्हावी, अशी रीत होती. नंतर त्यास कलकत्त्याच्या डेपोंत नेत. तेथें डॉक्टरी तपासणी होई, आणि जहाज निघण्याच्या वेळीं पास तयार होई. अटी छापील असत. पांच वर्षें मळ्यावर काम. सोमवार ते शुक्रवार रोज नऊ तास व शनिवारीं पांच तास. मजुरी पुरुषास दिवसास एक शिलिंग म्हणजे बारा आणे, व स्त्रीस नऊ पेन्स म्हणजे नऊ आणे. काम अंगावर घेतल्यास तें पुरें केल्यावरच हे पैसे मिळत, आणि ही गोष्ट पुष्कळांस तेथें गेल्यावर कळली. दहा वर्षें त्या वसाहतींत काढल्यावर परतीचें भाडें सरकारनें द्यावयाचें होतें. 'अॅग्रीमेंट' या शब्दाचें मजुरांच्या तोंडीं 'गिरमिट' झालें, व तें करणारा तो गिरमिटिया.

पासाचा कागद एकपानी व छापील. पुरुषाचा निराळा, स्त्रीचा निराळा. माथ्यावर डेपोचा नंबर, जहाजाचें नांव, जहाजावरचा नंबर व तारीख. त्याखालीं नोंदणीचें ठिकाण, नोंदणीची तारीख व रजिस्टरांतील नंबर. मग नांव, बापाचें नांव, वय, जात, जवळच्या नातलगाचें नांव, विवाहित असल्यास जोडीदाराचें नांव. त्यापुढें जिल्हा, ठाणें व गांव. शेवटीं शरीरावरील खुणा, हिंदुस्थानांतील धंदा, आणि उंची फूट-इंचांत. याखालीं दाखले आहेत. डेपोचा डॉक्टर व जहाजाचा डॉक्टर लिहितात कीं, हा मनुष्य आम्हीं तपासला, तो निरोगी आहे, व त्यास देवी काढल्या आहेत. फिजी सरकारचा एजंट लिहितो कीं, हा मजपुढें आला, मीं यास कामास ठरविलें व अटी समजावून दिल्या. सर्वांच्या शेवटीं 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणजे स्थलांतर करणाऱ्यांचा रक्षक लिहितो कीं, प्रवासास योग्य अशा प्रकृतीचा म्हणून यास जाण्यास परवानगी आहे.

हा मजकूर दस्तकाशेजारीं ठेवून पाहावा. दस्तकांत जी विनंती असते ती येथें कोठेंच नाहीं. या माणसास वाटेंत सांभाळा, याची अडचण दूर करा, असें कोणी कोणास लिहीत नाहीं. जो तो एवढेंच लिहून देतो कीं, मीं तपासला, मीं घेतला, मीं सोडला. आमच्या मतें हें परवान्याचें पत्र नसून मालाबरोबर जाणाऱ्या चलनाच्या जातीचें आहे, आणि म्हणूनच तें बाळगणाऱ्याच्या हातीं न राहतां जहाजाबरोबर जाऊन फिजीच्या इमिग्रेशन खात्याच्या दप्तरांत पडलें. तेथून तें आज सुवा येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत जपलेलें आहे. चलन समजून सांभाळलें म्हणून टिकलें, हेंही खरेंच. दस्तकें जपणारीं घराणीं होतीं. पास जपण्यास मजुराचें घर नव्हतें.

खुणांच्या रकान्याविषयीं आमच्या वाचकांस विशेष सांगावयास नको. फौजेंतील शिलेदाराची चेहरेपट्टी व घोड्याचा हुलिया ज्यांनीं मोडींत वाचला आहे त्यांस 'डाव्या भुवईवर वण', 'उजव्या नळीवर डाग' अशा धर्तीची नोंद ओळखीची वाटेल. मॉरिशसमध्यें १८६० नंतरच्या दशकापासून मजुरांच्या तसबिरी काढीत. फिजीच्या पासावर तसबीर नाहीं. तेथें माणूस ओळखण्याचें साधन म्हणजे हा वण व ही उंची. वंशजास आपल्या पणज्याविषयीं एवढेंच वर्णन मिळतें, आणि तें वाचून मनुष्य स्तब्ध होतो. घरांत सांगितलेल्या सर्व कथांपेक्षां कपाळावरचा एक वण अधिक खरा वाटतो.

आतां वाचण्याच्या कामाकडे येऊं. येथें घाई केल्यास सर्व शोध फुकट जातो.

पहिली चूक नोंदणीच्या ठिकाणाची. माथ्याजवळ असल्यामुळें तें प्रथम दिसतें, व तेंच गांव समजून पुष्कळ लोक तिकडे धांवतात. परंतु मनुष्य जेथें भरतीवाल्यास सांपडला तेथली ती नोंद आहे. घर त्याच्या खालच्या जिल्हा, ठाणें व गांव या तीन रकान्यांत पाहावें. अलाहाबादेस नोंदलेला मनुष्य अलाहाबादचाच असला पाहिजे असें मुळींच नाहीं.

दुसरी चूक जिल्ह्याची, व वाशीमकरांस ती फार बाधते. इंग्रजी दप्तरांत वाशीम हें 'बासिम' असें लिहीत. वसईचें इंग्रजी रूप 'बॅसीन', आणि ब्रह्मदेशांतही त्याच नांवाचें एक बंदर आहे. तेव्हां वेलांटीदार इंग्रजी अक्षर वाचतांना 'बासिम' चें 'बॅसीन' होण्यास वेळ लागत नाहीं. शिवाय वाशीम जिल्ह्याची हद्द एकसारखी राहिली नाहीं. १९०५ पूर्वीं वाशीम, मंगरूळ व पुसद असे तीन तालुके मिळून हा जिल्हा होता. त्या सालीं तो मोडला. वाशीम व मंगरूळ अकोल्यास गेले, पुसद यवतमाळास गेलें. त्याच वेळीं मूर्तिजापूर तालुका अमरावतीकडून अकोल्याकडे आला, व कारंजें त्या तालुक्यांत होतें. पुढें १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हां निर्माण झाला, त्यांत कारंजें आलें पण पुसद आलें नाहीं. याचा अर्थ असा कीं, १८९० च्या पासावर 'बासिम' जिल्हा असेल तर तो मनुष्य आजच्या यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदकडचाही असूं शकेल. कारंज्याचा मनुष्य १९०५ पूर्वीं गेला असेल तर त्याच्या पासावर 'अमरावती' पाहावी, व त्यानंतर गेला असेल तर 'अकोला'. आजच्या नकाशावरून त्या दिवसांचा जिल्हा शोधूं नये.

गांवांच्या नांवांचा घोळ तर बोलून चालून आहेच. मालेगांव एक वाशीम जिल्ह्यांत व एक नाशिकास. कारंजें एक येथें व एक वर्ध्याकडे. म्हणून ठाण्याचा रकाना फार मोलाचा आहे. गांवाचें नांव कलकत्त्याच्या बंगाली कारकुनानें कसेंही लिहिलें तरी ठाणें बहुधा ओळखतां येतें, आणि ठाणें कळलें म्हणजे त्याखालच्या गांवांच्या यादींत त्या ध्वनीचें गांव कानानें शोधावें. डोळ्यांपेक्षां कान येथें अधिक उपयोगी. फिजींत उतरणाऱ्यासही हाच अनुभव येतो. तेथील मोठ्या विमानतळाचें गांव इंग्रजी अक्षरांवरून 'नाडी' वाचतात, पण तेथले लोक त्यास 'नांदी' म्हणतात. कारण त्यांच्या लिपींत त्या अक्षराचा उच्चार तसाच ठरलेला आहे.

जातीच्या रकान्यावर तर जपूनच विसंबावें. मळेवाल्यांस ब्राह्मण मजूर नको असत. त्यामुळें ब्राह्मणांनीं दुसरी जात सांगितल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. मराठी कुणब्याची नोंद उत्तरेकडच्या कारकुनानें आपल्या ओळखीच्या 'कुर्मी' या शब्दानें करणें हेंही संभवनीय आहे. नांवाचीही तीच गत. मराठी मनुष्य बापाच्या नांवासह आडनांव सांगतो. पासावर आडनांवास जागाच नव्हती. यामुळें घराणें त्या कागदावर सांपडत नाहीं. जवळच्या नातलगाचें नांव मात्र पुष्कळदां खरें असतें, कारण मनुष्य मेल्यास पैसे कोणास द्यावे याचा तेथें प्रश्न होता, आणि अशा ठिकाणीं खोटें बोलण्यांत कोणाचाच लाभ नव्हता.

ही पद्धति मोडण्याच्या कामीं आपल्या प्रांतानें काय केलें हें थोडक्यांत नोंदवितों. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं ४ मार्च १९१२ रोजीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत गिरमिटाची पद्धति बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो नामंजूर झाला. चार वर्षांनीं, गोखल्यांच्या मृत्यूनंतर, पंडित मदनमोहन मालवीय यांचा तशाच अर्थाचा ठराव सरकारनें मान्य केला. १९१७ सालीं मजुरांची पाठवणी थांबली, आणि फिजींतील उरलेलीं गिरमिटें १ जानेवारी १९२० पासून रद्द झालीं. गेलेल्यांपैकीं सुमारे चोवीस हजार माणसें परत आलीं. बाकीच्यांचें तेंच घर झालें.

येथून पासपोर्टाचा काळ लागतो. पहिल्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानाबाहेर जाण्यास सामान्यतः पासपोर्ट सक्तीचा नव्हता. युद्धांत १९१७ च्या नियमांनीं तो आवश्यक झाला, व १९२० च्या कायद्यानें हिंदुस्थानांत येणाऱ्यासही तो दाखविणें भाग पडूं लागलें. वऱ्हाडचें एक त्रांगडें येथें सांगण्यासारखें आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, व १९०२ च्या करारानें त्यांनीं तें कायम पट्ट्यानें घेतलें. पण नांवाचें धनीपण निजामाकडेच राहिलें. तेव्हां इंग्रजी राज्याबाहेर पाऊल टाकणारा वाशीमकर कागदावर कोणाचा प्रजाजन, हा प्रश्न पुणेकरापुढें कधीं आला नाहीं तसा त्याच्यापुढें होता. त्या काळचे वऱ्हाडी गृहस्थांचे पासपोर्ट कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांतील 'राष्ट्रीयत्व' हा रकाना अवश्य पाहावा.

स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षें पासपोर्ट देणें न देणें ही सरकारची मर्जी समजली जाई. १९६७ सालीं सतवंतसिंग सहानी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला, आणि त्याच वर्षीं पासपोर्टाचा कायदा झाला. आजच्या भारतीय पासपोर्टाचें पहिलें पान उघडून पाहिल्यास राष्ट्रपतींच्या नांवें एक विनंती आढळते. ज्यांचा संबंध येईल त्यांनीं या पासपोर्टाच्या धारकास अटकाव न करितां जाऊं द्यावें, व लागेल तें साहाय्य व संरक्षण द्यावें, असा तिचा आशय. हा मजकूर दस्तकाचाच आहे. अटकाव न करण्याची भाषा जी गिरमिटाच्या पासांत लोपली होती ती येथें पुन्हां आली. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स हें पदही १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यांत कायम राहिलें, हें वाचकांस नवल वाटेल.

आज वाशीमहून फिजीस जावयाचें झाल्यास काय लागतें तें आतां सांगतों. पासपोर्ट नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडून मिळतो, व त्यासाठीं पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. ठाण्याचा रकाना असा अजून जिवंत आहे. फिजी सरकार भारतीय नागरिकास आगाऊ व्हिसा मागत नाहीं. उतरल्यावर चार महिन्यांपर्यंत राहण्याची पाहुण्याची परवानगी मिळते. मात्र पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी, परतीचें किंवा पुढच्या प्रवासाचें तिकीट जवळ असावें, आणि राहण्याखाण्यापुरते पैसे आहेत हें दाखवितां यावें. पीतज्वराचा उपद्रव असलेल्या देशांतून येणाऱ्यास लस टोंचल्याचा दाखला लागतो. पाहुण्याच्या परवानगीवर मजुरी अगर नोकरी करतां येत नाहीं. ज्या बेटांत हिंदी मनुष्यास केवळ कामाच्या करारावर घेत, तेथें आज त्यानें काम करणार नाहीं या अटीवर प्रवेश आहे! वाटेचा विचार मात्र निराळा करावा. भारतांतून तेथें जाण्यास बहुधा सिंगापूर, हाँगकाँग किंवा ऑस्ट्रेलिया या मार्गानें विमान बदलावें लागतें. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें केवळ विमान बदलण्यासही भारतीयास साधारणतः निराळा व्हिसा लागतो. फिजीचा व्हिसा नको म्हणून निश्चिंत राहिलेला मनुष्य वाटेंत अडूं शकतो. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वीं दिल्लींतील फिजीच्या हायकमिशनकडे विचारून घ्यावें.

सामानाविषयीं फिजीचे अधिकारी फार कडक आहेत. बियाणें, फळें, खाद्यपदार्थ, लांकडाच्या व गवताच्या वस्तु ह्या उतरतांना जाहीर कराव्या लागतात. घरच्या लोणच्यापासून पूजेच्या सामग्रीपर्यंत सर्व त्यांत आलें.

पण आमच्या वाचकांची अडचण फिजीच्या नाक्यापेक्षां आपल्याच नाक्यावर अधिक आहे. कारंजें येथील बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील ग्रंथभांडारें प्रसिद्ध आहेत, आणि खासगी संग्रहांतही पोथ्या पुष्कळ. तेथील आप्तांस दाखविण्याकरितां एखादी जुनी पोथी पिशवींत घालून नेण्याचा मोह कोणास झाल्यास तो आवरावा. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलादृष्ट्या महत्त्वाचें हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांहून जुनें असल्यास पुरावस्तु ठरतें, व खासगी मनुष्यास तें देशाबाहेर नेतां येत नाहीं. नक्कल अगर छायाचित्र न्यावें, तें पुरतें.

उलट बाजूनें येणाऱ्यास अधिक खटपट पडते. फिजीच्या नागरिकास भारतांत येण्यास व्हिसा काढावा लागतो, आणि कायमच्या येण्याजाण्याकरितां प्रवासी भारतीयाचें कार्ड हवें असेल तर पूर्वज भारतांतला होता हें सिद्ध करावें लागतें. त्या ठिकाणीं कपाळावरच्या वणाचा तोच जुना पास पुरावा म्हणून पुढें येतो. ज्या कागदानें पणजा देशाबाहेर गेला, तोच कागद दाखवून पणतु देशांत येतो. म्हणून त्यांतील 'बासिम' या अक्षरांस महत्त्व.

या पासाचें दुसरें अर्धें आपल्याकडे असावयास पाहिजे. जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याचीं रजिस्टरें, ठाण्यांतील बेपत्ता माणसांच्या नोंदी, पाटील-पटवाऱ्यांच्या दप्तरांतील 'परागंदा' असा शेरा असलेलीं खातीं, परदेशांतून आलेल्या पैशांच्या पावत्या व पत्रें, असे कागद वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कारंजें व पुसद येथील जुन्या घरांतून निघण्याचा संभव आहे. ते रद्दींत घालण्यापूर्वीं १८७९ ते १९१६ या सालांतील कागद निराळे काढून त्यांवरील गांव, ठाणें, बापाचें नांव व तारीख यांची एक यादी मालकांनीं करून ठेवावी. कागद मोडींत असून वाचतां येत नसल्यास नुसती दोन्ही बाजूंची छायाचित्रें मंडळाकडे धाडावीं. वाचनाचें काम आम्ही करूं.